एक मॅच हरली, वर्ष संपलं?

आधी एक सोपं गणित. १६ कॉलेजांच्या टीम आहेत, स्पर्धा बाद पद्धतीनं आहे, म्हणजे हरला तो घरी. एकूण मॅचेस किती होतील? १५. बरोबर. आता दुसरा प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही. यातल्या किती टीम फक्त एकच मॅच खेळून परत जातील? ८. म्हणजे थेट निम्म्या.

आता या निम्म्या टीम कुठून आलेल्या असतात, ते आठवा. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त. सिरोंचाहून दोनशेच्या वर. स्पर्धा चंद्रपुरात असली की त्यात वैनगंगेपलीकडचा प्रवास आणखी. पोरं पहाटेची एसटी पकडतात, आलापल्लीला गाडी बदलतात, डब्यातलं खातात आणि मैदानात उतरतात. समोर कोण? जिला पक्कं मैदान आहे, रोजचा सराव आहे, शिकवायला कोच आहे, अशी शहरातली टीम. तास-दीड तासात खेळ खल्लास. संध्याकाळी परतीची गाडी. पुढची स्पर्धा पुढच्या वर्षी. आणि पोरगा फायनल इयरचा असेल, तर त्याचं कॉलेजचं फुटबॉल त्या संध्याकाळीच संपलं.

मग बक्षीस समारंभात कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणतं, "आपल्या जंगलातल्या पोरांमध्ये टॅलेंट खूप आहे हो, फक्त एक्स्पोजर मिळत नाही."

अहो, एक्स्पोजर म्हणजे काय वेगळी वस्तू आहे का, जी दुकानातून आणायची? एक्स्पोजर म्हणजे मॅचेस. हरल्यावर आपण कुठं चुकलो ते कळणं, आठ दिवसांनी तसल्याच टीमसमोर पुन्हा उभं राहणं, ती चूक न करणं. बाद पद्धत नेमकी हीच दुसरी संधी काढून घेते. आणि तीही कुणाची? ज्याला मुळात सराव सगळ्यात कमी, प्रवास सगळ्यात जास्त, त्याची.

म्हणून सरळ म्हणणं मांडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांना आणखी एक चषक नको आहे. आमदार चषक, खासदार चषक, अमुक स्मृती, तमुक स्मृती, चषक भरपूर झाले. आपल्याला लीग हवी. मराठीत तिला किती छान शब्द आहे बघा: साखळी. आणि ही साखळी जोडायची कशी, हे समजून घ्यायचं तर एक नमुना बघण्यासारखा आहे. तो आहे थेट अमेरिकेत.

दोन देश, एक लीग

मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस. २०२३ मध्ये मेस्सी इंटर मायामीत गेला तेव्हापासून तुमच्या मोबाइलवर तिची रील्स येत असतीलच. पण रीलमध्ये गोल दिसतो, लीग कशी चालते ते दिसत नाही. खरी गंमत तिथं आहे.

ही लीग एका देशाची नाही, दोन देशांची आहे. एकूण ३० टीम. २७ अमेरिकेच्या, ३ कॅनडाच्या. टोरांटो २००७ मध्ये आली, व्हँकुव्हर २०११ मध्ये, मॉन्ट्रियल २०१२ मध्ये. अंतरं अशी की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विमानानंही काही तास लागतात. म्हणून त्यांनी टीम दोन भागांत वाटल्या, १५ पूर्वेच्या, १५ पश्चिमेच्या. वाटणी देशावरून नाही, भूगोलावरून. टोरांटो आणि मॉन्ट्रियल पूर्वेत, व्हँकुव्हर पश्चिमेत. बहुतेक मॅचेस आपल्याच भागात होतात, त्यामुळे प्रवास आटोक्यात राहतो. नियमित हंगामात प्रत्येक टीमला ३४ मॅचेस मिळतात, १७ घरच्या मैदानावर आणि १७ बाहेर. त्यानंतर वरच्या टीमची बाद फेरी आणि शेवटी एमएलएस कप.

लक्षात घ्या, बाद फेरी तिथंही आहे. फायनलचा थरार कुणाला नको? पण ती शेवटी आहे. ३०व्या नंबरची टीमसुद्धा आधी ३४ मॅचेस खेळून मगच घरी जाते.

दोन देशांची लीग ही काही एकमेव नाही. ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये न्यूझीलंडचे वेलिंग्टन आणि ऑकलंड खेळतात. वेल्सच्या स्वान्सी, कार्डिफ, रेक्सहॅम या टीम इंग्लंडच्या लीगमध्ये आहेत. पण एमएलएसची रचना जास्त शिकवते, कारण ती एका मोठ्या फजितीतून शहाणी होऊन उभी राहिली.

श्रीमंत टीमनं लीग बुडवली, त्याची गोष्ट

एमएलएसच्या आधी तिथं नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग होती. तीसुद्धा अमेरिका-कॅनडा मिळून. १९६८ मध्ये सुरू झाली. १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसनं थेट पेलेला आणलं. हा तोच कॉसमॉस, जो १९७७ मध्ये पेलेसह कोलकात्यात येऊन मोहन बागानशी २-२ बरोबरीत खेळला. स्टेडियम भरू लागली, टीमची संख्या २४ वर गेली. सगळीकडे वाहवा.

पुढं काय झालं? कॉसमॉसकडे पैसा होता, इतरांकडे तेवढा नव्हता. पण त्यांच्याशी बरोबरी करायची म्हणून बाकीच्यांनीही महागडे खेळाडू घेतले. काही वर्षांत एकेक टीम बंद पडू लागली. १९८४ मध्ये उरल्या ९. त्या हंगामानंतर लीगच गुंडाळली.

यात एक साधी गोष्ट आहे, जी आपण मैदानावर विसरतो. प्रतिस्पर्धी मेला तर मॅच कुणाशी खेळणार? क्रिकेट असो, कबड्डी असो की फुटबॉल, समोरची टीम टिकली तरच आपली टीम टिकते. मॅचमध्ये ती शत्रू, हंगामात ती भागीदार.

१९९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेत भरला. त्या यजमानपदासोबत पहिल्या दर्जाची लीग उभी करायची असं ठरलेलं होतं. १९९६ मध्ये १० टीमसह एमएलएस सुरू झाली. यावेळी त्यांनी रचनाच बदलून टाकली. सगळी लीग म्हणजे एकच कंपनी. टीमचे 'मालक' हे खरं तर या एका कंपनीतले भागीदार, प्रत्येकाकडे एकेक टीम चालवायला दिलेली. खेळाडूचा करार टीमशी होत नाही, लीगशी होतो. टीव्हीचे हक्क लीग एकत्र विकते. पगारावर एकूण किती खर्च करायचा याला मर्यादा. बेकहॅम २००७ मध्ये लॉस एंजेलिसला आला तेव्हा त्या मर्यादेला अपवाद केला गेला. आज एका टीमला असे तीनपर्यंत स्टार मर्यादेबाहेर घेता येतात.

थोडक्यात काय, तर मैदानं वेगळी, पण थैली एक.

ही थैली कामी कधी आली? वाईट दिवसांत. २००२ च्या हंगामाआधी फ्लोरिडातल्या दोन टीम बंद कराव्या लागल्या, १२ च्या पुन्हा १० झाल्या. त्या काळात सगळी लीग तीन मालकांच्या खांद्यावर उभी होती, त्यातल्या एकट्याकडेच ६ टीम होत्या. वेगवेगळ्या थैल्या असत्या तर जुन्या लीगसारखीच हीही गेली असती. गेली नाही. १० च्या ३० झाल्या.

सीमा आहेच, मग नियम करा

दोन देश म्हटले की भानगडी आल्याच. तिकीट कॅनडाच्या डॉलरमध्ये विकायचं, पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचा. 'परदेशी खेळाडू' कुणाला म्हणायचं? अमेरिकी खेळाडू कॅनडाच्या टीममध्ये घरचा धरला जायचा, पण कॅनडाचा खेळाडू अमेरिकेच्या टीममध्ये परदेशी. हा उघड उघड एकतर्फी न्याय होता. त्यावर बरीच ओरड झाली, मग काही अटी घालून तो सैल केला गेला.

कोविडमध्ये तर सीमाच बंद झाली. तेव्हा कॅनडाच्या तिन्ही टीमनी अमेरिकेत बिऱ्हाड केलं. २०२० मध्ये टोरांटोनं 'घरच्या' मॅचेस कनेक्टिकटमध्ये खेळल्या, व्हँकुव्हरनं पोर्टलंडमध्ये, मॉन्ट्रियलनं न्यूजर्सीत. घर नसलेल्या घरच्या मॅचेस! सोपं नव्हतं, पण हंगाम पार पडला. त्याच वर्षी उन्हाळ्यात ऑरलँडोत एकाच ठिकाणी टीम गोळा करून एक अख्खी स्पर्धाही घेतली होती.

सीमा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही दावा सांगतात. सिरोंचाची पोरं नदीपलीकडे तेलंगणात बाजाराला जातात. आणि चंद्रपूर-गडचिरोली यांच्यामधली सीमा तर अगदी कालची. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आज मध्ये वैनगंगा आहे, दोन कलेक्टर आहेत, दोन क्रीडा कार्यालयं आहेत. पण २०११ पासून विद्यापीठ एकच आहे, गोंडवाना विद्यापीठ, आणि त्याचा कारभार नेमका याच दोन जिल्ह्यांत. म्हणजे दोन 'देशां'ची लीग बांधायला लागणारा धागा आपल्याकडे आधीच आहे. एमएलएसला तो विकत घ्यावा लागला.

सगळंच उचलू नका

आता लगेच "अमेरिका भारी" असं म्हणू नका. या रचनेच्या पोटात काटेही आहेत.

खेळाडूचा करार एकाच कंपनीशी असला की भाव कोण वाढवणार? दोन टीम एका खेळाडूसाठी भांडणारच नाहीत. म्हणून खेळाडू १९९७ मध्येच कोर्टात गेले, आमचे पगार मुद्दाम दाबले जातात म्हणत. खटला वर्षानुवर्षं चालला, शेवटी ते हरले. एकत्र थैली मालकांना वाचवते, पण खेळाडूला कोण वाचवणार, हा प्रश्न तिथं आजही आहे.

दुसरं, या लीगचं दार बंद आहे. खालच्या लीगमध्ये तुम्ही कितीही जिंका, वर जाता येत नाही. वर यायचं तर पैसे मोजून यायचं. आणि वरचा कितीही हरला तरी खाली येत नाही.

आपल्या देशानं नेमकी हीच चमक आधी उचलली. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली. झगमगाट आला, टीव्ही आला, परदेशी स्टार आले. पण दार बंद. खालच्या आय-लीगमधून जिंकून वर येणारी पहिली टीम म्हणजे पंजाब, तीही २०२३ मध्ये. दरम्यान जुन्या टीमचं काय झालं? देशातली सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकणारा गोव्याचा डेम्पो, सोबत साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिघंही २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. पुण्याची पुणे एफसी २०१५ मध्ये संपली. आयएसएलची पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली, तिच्या जागी हैदराबाद उभी राहिली. पुण्याच्या पोरांनी कुणासाठी ओरडायचं?

आणि मग २०२५ आलं. लीग चालवणाऱ्या कंपनीचा फुटबॉल महासंघाशी असलेला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. नवा करार ठरेना. जुलैमध्ये हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी पगार थांबवले. देशातले सर्वोत्तम खेळाडू बूट हातात घेऊन बसून राहिले. का? कारण सगळी साखळी एकाच खिळ्याला टांगलेली होती.

तेव्हा एमएलएसकडून घ्यायच्या गोष्टी तीनच. प्रत्येकाला ठरलेल्या मॅचेस, भूगोल बघून केलेली वाटणी आणि सामायिक थैली. बंद दार आणि दाबलेला पगार त्यांच्याकडेच राहू द्या.

आपली एक लीग आधीच चालू आहे

"हे सगळं अमेरिकेत ठीक, आपल्याकडे कोण करणार?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा वडसा गाठावं. देसाईगंज वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांची राजधानी. एकाच गावात एकाला लागून एक नाटक कंपन्यांची ऑफिसं. सगळ्या एकमेकींच्या स्पर्धक. दिवाळी झाली, धान कापून झालं, गावोगावी मंडई आणि शंकरपट सुरू झाले की हंगाम सुरू. गावातलं मंडळ वडशाला येतं, कंपनी ठरवतं, तारीख ठरवतं, तंबू ठोकतं, तिकीट लावतं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे या साखळीत जोडलेले. सरकारनं हे सुरू केलं नाही, कुठल्या मोठ्या कंपनीनं विकत घेतलं नाही. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता यात लीगचं काय नाही, सांगा. हंगाम आहे, तारखांचं वेळापत्रक आहे, घरचं मैदान आहे, तिकीट आहे, एक मध्यवर्ती गाव आहे. आणि एक कंपनी दुसरीला 'बाद' करत नाही. आज या गावात प्रयोग पडला, तर उद्या दुसऱ्या गावात प्रयोग आहेच.

खेळातही गावपातळीपासून वर जाणारी जाळी आपल्याकडे आहे. गडचिरोली पोलिसांतर्फे बिरसा मुंडा यांच्या नावानं कबड्डीच्या आणि वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावानं व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात. आधी पोलीस ठाण्याच्या पातळीवर, मग उपविभाग, मग जिल्हा. टीम भरभरून येतात. म्हणजे खेळणारे आहेत, बघणारे आहेत. कमी आहे ती फक्त हरल्यानंतरच्या मॅचची.

तर मग कशी असेल आपली साखळी?

समजा सुरुवातीला १२ कॉलेजं तयार झाली. दोन भाग करा, वैनगंगेच्या अलीकडचा आणि पलीकडचा. प्रत्येकी ६. भागातली प्रत्येक टीम इतर पाचही टीमशी एकदा खेळेल. एका भागात १५ मॅचेस, दोन्ही मिळून ३०. मग दोन्ही भागांतल्या वरच्या दोन-दोन टीम नदी ओलांडून उपांत्य फेरी खेळतील, आणि मग फायनल. एकूण ३३ मॅचेस. बाद पद्धतीत १२ टीमच्या ११ मॅचेस झाल्या असत्या. फरक बघा: सगळ्यात शेवटी राहिलेल्या टीमलाही ५ मॅचेस. तीन वर्षांच्या डिग्रीत १५. एवढ्यात पोरगा घडतो हो.

प्रवासाचं काय? प्रत्येक मॅचसाठी एसटी पकडायची तर पाय आणि पैसा दोन्ही संपतील. कोरची ते सिरोंचा अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात आहे, हा काही गल्लीतला खेळ नाही. म्हणून शनिवार-रविवारचे मेळे करा. तीन टीम एका ठिकाणी जमतील, दोन दिवसांत तिघी एकमेकींशी खेळून मोकळ्या. एका प्रवासात दोन मॅचेस. दक्षिणेकडच्यांचा मेळा अहेरी-आलापल्लीला, उत्तरेकडच्यांचा वडसा किंवा आरमोरीला. नदीच्या या बाजूला चंद्रपूर, ब्रह्मपुरी, राजुरा. आणि प्रत्येक हंगामात एक तरी मेळा एटापल्ली-भामरागडच्या वाट्याला आलाच पाहिजे. दरवेळी त्यांनीच का यायचं? एकदा शहरातल्या टीमलाही कळू दे की पाच तासांच्या प्रवासानंतर पाय कसे होतात.

वेळ कोणती? एमएलएसनं इतकी वर्षं हंगाम थंडी संपताना सुरू करून पुढच्या थंडीआधी संपवला, कारण बर्फ. आता २०२७ पासून वेळापत्रक युरोपसारखं करायचं ठरवलंय, तरी कडाक्याच्या थंडीतली सुट्टी ठेवलीच आहे. आपला बर्फ म्हणजे पाऊस. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. नोव्हेंबरपर्यंत धान कापायचं असतं, मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचायची, मेमध्ये तेंदूपत्ता. घरी हात लागतात, पोरं जातातच. मोकळे महिने उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी. वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरवरून नाही, या जंगलाच्या कॅलेंडरवरून ठरवा.

आणि सगळ्यात महत्त्वाची, थैली. प्रत्येक कॉलेजनं सारखीच वर्गणी द्यायची. प्रवास, जेवण, पंच हे सगळं त्या सामायिक रकमेतून. म्हणजे सिरोंचाच्या टीमला सिरोंचात असण्याचा दंड बसणार नाही. आज नेमका तोच बसतो. सगळ्यात लांबून येणारा सगळ्यात जास्त खर्च करतो आणि सगळ्यात कमी खेळतो.

प्रायोजक? आहेत की. चंद्रपुरात कोळसा, सिमेंट, वीज, कागद. गडचिरोलीत आता सुरजागडचं लोहखनिज. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. पण दोन अटी घाला. पैसा एका टीमला नको, लीगच्या थैलीत द्या. नाहीतर कारखान्याशेजारचं कॉलेज आपलं कॉसमॉस होईल आणि बाकीचे बसतील बघत. आणि प्रायोजक एकच नको, चार-पाच हवेत. एक खिळा निघाला तरी साखळी पडायला नको.

मुलींच्या लीगचं गणित तर आणखी स्पष्ट आहे. मुलींच्या टीम कमी येतात. ४ टीम आल्या तर बाद पद्धतीत २ जणी एका मॅचमध्ये घरी. साखळीत चौघींना ३-३ मॅचेस. मेळा अशाच ठिकाणी ठेवा जिथं मुलींचं वसतिगृह आहे. म्हणजे रात्री राहायचं कुठं, या एका प्रश्नावर आई-बाबांचा नकार येणार नाही.

"पण..."

पण मॅचेस वाढल्या की अभ्यासाचं काय? हिशेब बघा. बहुतेक टीमसाठी सगळा हंगाम म्हणजे तीन शनिवार-रविवार. एवढा वेळ तर आपला रील्समध्ये एका आठवड्यात जातो.

पण एवढे पंच कुठून आणणार? शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना घ्या, त्यांचाही सराव होईल. गुणतक्ता कोण ठेवणार? कॉमर्सची पोरं. बातमी कोण लिहिणार? मराठी विभागाची. लीग फक्त २२ जणांची नसते.

पण बाद पद्धत झटपट होते, स्वस्त पडते. हो, पडते. दोन दिवसांत चषक देऊन मोकळं होता येतं. स्पर्धा उरकायची असेल तर तिच्याइतकी सोयीची पद्धत नाही. खेळाडू घडवायचा असेल तर मात्र ती सगळ्यात महाग आहे, कारण निम्मी पोरं ती पहिल्याच दिवशी फेकून देते. विद्यापीठाची टीम निवडणाऱ्यांनी त्यांना बघितलेलं असतं किती? जेमतेम एक मॅच. तीही थकलेल्या पायांनी खेळलेली. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण त्या यादीपर्यंत जाणारा रस्ता अशाच निवडीतून जातो. पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावणारी आपल्याकडची पोरं बघा, दम कुणात कमी आहे? कमी पडतात ती दिसायला.

आणि "आमच्याकडे कबड्डी चालते, फुटबॉल नाही" असं कुणी म्हणत असेल, तर ठीक आहे, फुटबॉल खोडा आणि कबड्डी लिहा. व्हॉलीबॉल लिहा. गणित तेच राहतं.

परवानगीची, निधीची, विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. ते मागायचंच, पण आधी काहीतरी दाखवून मागायचं. या डिसेंबरला तीन कॉलेजांनी एक शनिवार-रविवार ठरवा. तिघांची सारखी वर्गणी, लांबच्या टीमचं भाडं त्यातूनच. तीन मॅचेस, एक वही, वहीत एक तक्ता: खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, गुण. तक्त्याचा फोटो ग्रुपवर टाका आणि खाली पुढच्या मेळ्याची तारीख लिहा.

ती तारीख महत्त्वाची. हरलेल्या टीमनं गाडीत बसताना आधी तीच वाचली पाहिजे.